साडूंची धडधड

जगात जेवढी म्हणून काळजी आहे तिच्यातली निम्मी आमचे साडू एकट्याने वाहत होते आणि उरलेली निम्मी आपण बाकीच्यांनी मिळून कशीबशी वाहिली, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. वीज कडाडली की चारचौघं खिडकी लावून घेतात. साडू खिडकी लावत, मग टीव्हीची वायर काढत, मग फ्रीजची काढत, मग शेजारच्यांची बेल वाजवून त्यांनाही वायरी काढायला लावत, आणि आपण नुकताच बेलच्या बटणाला हात लावला होता हे लक्षात आलं की त्यांच्याच उंबऱ्यावर मटकन खाली बसत. शेजारीण पाणी आणायची. ते पाणी उकळलेलं आहे का, हेही ते बसल्या बसल्या विचारून घेत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. एरवी दोन साडू एका छपराखाली आले की कुणाला लग्नात काय मिळालं, सासऱ्याने कुणाला आधी ताट वाढलं, यावरून आतल्या आत धुमसत असतात. आमच्यात तसं कधी झालं नाही, कारण माझा हेवा करायला त्यांना सवडच मिळाली नाही. ते माझी काळजी करण्यात गुंतलेले असायचे. औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी कुलूप उघडतो न उघडतो तोच फोन वाजायचा. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "घाबरू नका, काही झालेलं नाही." हे वाक्य ऐकून ज्याच्या पायाखालची जमीन सरकत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझी सरकून झाली की ते सावकाश सांगत, "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो ट्रान्सफॉर्मर आहे ना, त्याच्याखाली गाडी लावू नका. काल फुलंब्रीत एक फुटला म्हणे."

वैजापूरला एका लग्नासाठी आम्ही सगळे एका बसमधून निघालो होतो. साडू मुद्दाम संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारी बसले. बस गावाबाहेर पडली आणि त्यांच्या मनात आलं, की संकट आल्यावर हे दार उघडलंच नाही तर? खात्री करून घ्यायला त्यांनी दांडा ओढला. दार उत्तम चालू स्थितीत होतं. नवरीच्या साड्यांची बॅग, दोन नारळ आणि एका मामांचा फेटा रस्त्यावर गेले. ड्रायव्हरने बस थांबवून जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडू मात्र पुढचा सगळा प्रवास निर्धास्त होते. "दार उघडतंय," असं अधूनमधून सगळ्यांना सांगत होते. आणि घरचं म्हणाल, तर अक्का सांगायची, "गॅस बंद आहे का ते बघायला हे इतक्यांदा जातात, की एकदा बघता बघता चालू करून आले."

आता गंमत अशी, की असा हा माणूस एका फार्मसी कॉलेजात शिकवत होता, आणि शिकवत होता काय, तर धडधड. म्हणजे त्यांच्या विषयाला मोठंसं नाव आहे, पण त्यांचा जीव होता तो एकाच धड्यावर. मेंदूत आणि चेतातंतूंत जी रसायनं निरोप्याचं काम करतात त्यांतलं एक घराणं, डोपामिन, नॉरॲड्रिनालिन आणि ॲड्रिनालिन यांचं. हे घराणं कसं जन्मतं, काय करतं आणि कसं आवरलं जातं, हे ते असं शिकवत, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा स्वतःची नाडी धरून बसत. कॉलेज सुटलं की ते माझ्या दुकानात येत. काउंटरवर कोपर टेकत, चहा घेत आणि मलाही शिकवत. मी विचारलेलं नसे, पण विचारण्याची वाट बघणाऱ्यातले ते नव्हतेच.

"समजा, दूध आहे," ते म्हणत. त्यांचं घराणं मूळचं मेंढरं-शेरडं राखणारं, फुलंब्रीकडच्या एका खेड्यातलं. त्यामुळे उदाहरण दुधाचंच यायचं. "डाळ, शेंगदाणे, अंडी यांच्यातून शरीराला टायरोसिन नावाचं एक द्रव्य मिळतं. ते म्हणजे आपलं दूध. त्याला विरजण लागलं की डोपा. डोपाचं लगेच डोपामिन. ते घुसळलं की नॉरॲड्रिनालिन. आणि लोणी कढवून तूप व्हावं तसं, शेवटी ॲड्रिनालिन. एकातून एक. पण वेळ कुठं लागतो? विरजणाला. पुढचं भराभर होतं. म्हणून निसर्गानं पहारा पहिल्या पायरीवर बसवलाय. पुढं माल साठला की विरजणच थंडावतं."

मग ते आवरण्याकडे वळत, आणि तिथे त्यांचा आवाज हळवा व्हायचा. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं ते कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे घरोघर गच्चीवर टाक्या आहेत. त्या टाकीतला फुगा ते हवेत हाताने काढून दाखवत. "टाकी भरली की फुगा वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं. चेतातंतूच्या टोकालाही तस्सा फुगा आहे. आपण किती सोडलं हे त्याचं त्यालाच कळतं आणि तो हात आखडतो. वर आणखी, सोडलेलं बरंचसं परत आत ओढून घेतो, पुन्हा वापरायला. उरलंसुरलं मोडून टाकायला वेगळे कामगार आहेत. अहो साडूभाऊ, सोडायला काय, एक क्षण लागतो. निसर्गाची सगळी अक्कल आवरण्यात खर्च झालीये."

एकदा एक मुलगी आरशात बघून नवी फ्रेम लावत होती आणि स्वतःशीच हसली. साडू तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बघा, बघा, डोपामिन!" मुलगी फ्रेम ठेवून गेली ती पुन्हा आली नाही.

या सगळ्या ज्ञानाचा त्यांना स्वतःला उपयोग शून्य. उलट तोटाच, कारण प्रत्येक आजार त्यांना नावानिशी ठाऊक. एका दिवाळीला त्यांचं हृदय गेलं, पाडव्याला थायरॉइड गेलं. एकदा ते फक्त बायकांना होणाऱ्या एका दुखण्यापर्यंत येऊन पोचले होते, तेव्हा अक्काने पुस्तक हिसकावून घेतलं. कार्डिओग्राम चांगले येत, रक्त चांगलं येई. बीपी तेवढं कधी जास्त, कधी ठीक, आणि डॉक्टर म्हणत, "सर, दवाखान्यात आलं की वाढतं काही जणांचं. मनाचं आहे हे. फिरायला जात जा." साडू फिरायला जात. खिशात स्वतःचं नाव, रक्तगट आणि माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून जात.

पण मागच्या दोनेक वर्षांत त्यांची धडधड बदलली होती. अक्का माझ्या बायकोला सांगायची, की हे अचानक पांढरे पडतात, घामाने बनियन पिळून काढावं लागतं, डोकं धरून बसतात, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असे उठतात. आम्ही ऐकून घ्यायचो. साडूंच्या बाबतीत ऐकून घ्यायची आम्हाला सवयच लागली होती.

ते माझ्या डोळ्यांसमोर झालं तो दिवस थंडीचा होता आणि साडू कधी नव्हे इतके खुशीत होते. त्यांच्या मुलीला, मुक्ताला, पुण्यात नोकरी लागल्याचा फोन सकाळी आला होता. त्यांनी दुकानात पेढे आणले, गिऱ्हाइकांना वाटले. पेढे ताजे आहेत का, हेसुद्धा विचारलं नाही. मी एका चष्म्याची दांडी बसवत होतो आणि बारीकसा स्क्रू हातातून निसटून काउंटरखाली गेला. "थांबा, मी काढतो," म्हणत साडू हसत हसत खाली वाकले.

वर आले तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. भिंतीला चुना लावावा तसा पांढरा. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, बघता बघता सदरा पाठीला चिकटला. मी हात धरला तर हात बर्फ. मानेवरची शीर उडताना दिसत होती. "लई धडधडतंय हो," ते म्हणाले. कॉलेजात शुद्ध बोलणारा हा माणूस जीव घाबरा झाला की गावाकडचं बोलायचा. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पंखा लावला आणि नेहमीचंच विचारलं, "अहो, कशाला घाबरलात एवढं?"

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "नाय हो. घाबरलो नव्हतो. मी स्क्रू शोधत होतो."

चहा निवायला लागावा तेवढ्या वेळात सगळं ओसरलं. रंग परत आला. पण साडू गप्पच होते, आणि गप्प बसलेले साडू ही गोष्ट मी आधी पाहिलेली नसल्यामुळे आता माझंच काळीज धडधडायला लागलं. मग ते बोलले.

"साडूभाऊ, क्रम उलटा झाला. आधी भीती वाटावी आणि मग छाती धडधडावी, हा कायदा. आज छाती आधी धडधडली आणि भीती मागून आली. आल्यावर ती इकडंतिकडं बघायला लागली, कशाला घाबरू म्हणून. मला वाटलं मुक्ताच्या नोकरीचं काही बिनसणार. मग वाटलं तुमचा पंखा पडणार." ते वर पंख्याकडे बघत राहिले. "मी आजवर गॅसला घाबरलो, ट्रान्सफॉर्मरला घाबरलो. त्यातलं किती असं झालं असेल? धडधड आधी यायची आणि समोर जे दिसेल ते मी तिच्या हातात द्यायचो."

मग त्यांनी आवाज खाली आणून एका आजाराचं नाव घेतलं. इतकं लांबलचक, की मला ते पहिल्या खेपेला ऐकूच आलं नाही. फिओक्रोमोसायटोमा. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ॲड्रिनालिन तयार होतं ते मुख्यतः तिथे. तिच्यात कधी कधी गाठ होते. "ती गाठ कुणाचं ऐकत नाही," साडू म्हणाले. "तिला फुगा नाय, पहारा नाय. मेंदूनं निरोप धाडायची वाट बघत नाय. वाकलो, पोट दाबलं गेलं, की तिनं सोडलंच. एखाद दिवशी असं सोडेल की मेंदूतली शीर तटकन तुटेल." आणि मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "पण असलं फार विरळा. पुस्तकात असतं ते. माणसांना होत नाय."

साडूंच्या घरी हे सांगितल्यावर अक्काने पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "यंदा हा का?" माझी बायको तर हसायलाच लागली. मी म्हणालो, मी स्वतः पाहिलंय, हे वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी मी आणि साडू त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सज्जन गृहस्थ, साडूंना वर्षानुवर्षं ओळखणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "सर, शिकवतो ते सगळं आपल्याला होत नसतं. मी बाळंतपणाचा विषयही शिकलोय."

एरवी साडू ओशाळले असते, त्या दिवशी नाही. त्यांनी बाही वर केली. "आत्ता घ्या बीपी." डॉक्टरांनी घेतलं. ठीक होतं. "आता बघा," म्हणत साडू खुर्चीतल्या खुर्चीत वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. सावकाश, पोटावर दाब देत. मी "अहो, अहो" करत होतो. ते उठले तेव्हा ओठांचा रंग गेला होता. "आता घ्या."

डॉक्टरांनी घेतलं. मग त्यांनी दुसरं मशीन मागवलं आणि पुन्हा घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. गेलं एवढं खरं. साडूंना आडवं करून, गोळी देऊन ते स्वतः शेजारी उभे राहिले, बीपी उतरेपर्यंत. नंतर म्हणाले, "सर, हा प्रयोग पुन्हा करायचा नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आपण तपासू."

तपासणी म्हणजे एका कॅनमध्ये पूर्ण दिवस-रात्रीची लघवी साठवायची. साडू मला समजावत होते, की ॲड्रिनालिन रक्तात मिनिट-दोन मिनिटं टिकतं, त्याला नेमकं पकडणं नशिबाचा भाग, पण मोडून टाकल्यावर त्याचे जे तुकडे उरतात ते मागे राहतात, ते मोजायचे. कॅनच्या तळाशी लॅबने थोडं आम्ल घालून दिलं होतं, तुकडे टिकावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरलेला कॅन मांडीवर घेऊन साडू रिक्षात बसले, शेजारी मी. आता आम्ल सांडेल या काळजीने ते प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू" ओरडत होते, आणि आमच्या रस्त्यावर मध्ये मध्ये खड्डे नसून खड्ड्यांच्या मध्ये मध्ये रस्ता आहे. शेवटी रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "क्या है चच्चा उसमें?"

खोटं बोलणं साडूंना जमत नाही. "ॲसिड है," ते म्हणाले.

रिक्षा करकचून थांबली. "और पेशाब है," साडूंनी त्याला धीर द्यावा म्हणून पुढे जोडलं.

"नक्को चच्चा. उतरो." पुढचा सगळा रस्ता आम्ही चालत गेलो. कॅन मी उचलला, कारण त्यांना वजन उचलायला बंदी होती. भर बाजारात त्यांचे दोन विद्यार्थी भेटले. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि कॅन घ्यायला हात पुढे केले. तो आम्ही त्यांना दिला नाही.

रिपोर्ट आला. आकडा जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी पट वर होता. साडूंनी कागद वाचला आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा फुलला. "बघा! मी म्हटलं नव्हतं?" मग आपण काय खरं ठरवलंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि अक्काकडे बघितलं. अक्का हातातलं पिठाचं ताट तसंच घेऊन उभी होती. "खरंच आहे का हो?" एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन नळ सोडून बसली, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

स्कॅनमध्ये गाठ दिसली, डाव्या बाजूला. ऑपरेशन करायचं ठरलं, पण लगेच नाही. आधी काही आठवडे गोळ्या घेऊन रक्तवाहिन्या सैल करायच्या, भरपूर पाणी आणि मीठ पोटात जाऊ द्यायचं, आणि मग गरज पडली तर हृदयाची गती कमी करणारी गोळी. साडूंनी मला हा क्रम पाठ करायला लावला. "उलटं झालं तर जीव जाईल," ते म्हणत. "आधी वाहिन्या, मग हृदय. मी शुद्धीवर नसलो तर तुम्ही सांगायचं." मी चष्मे विकणारा माणूस. पण झोपेतही मी तो क्रम म्हणत असे, असं बायको सांगते.

त्या दिवसांत त्यांच्या घरात जे चाललं ते मी कुठे पाहिलेलं नाही. साडूंना दचकवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. कुकरच्या शिट्ट्या होऊ नयेत म्हणून अक्का डाळ पातेल्यात शिजवायची. टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या. दाराची बेल काढून ठेवली. मुक्ता पुण्याहून आली ती मांजराच्या पावलांनी चालायची, आणि ती आवाज न करता मागे येऊन उभी राहिल्यामुळे साडू जेवढे दचकले तेवढे आयुष्यात कधी दचकले नसतील. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते साडू? गोळ्यांनी त्यांचं नाक चोंदलं होतं, उठताना चक्कर यायची, पण धडधड थांबली होती. सगळं घर भीतीने अर्धं झालेलं, आणि ते एकटे पलंगावर बसून खारे शेंगदाणे खात शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, हे काहीच विचारत नाहीत हो. मला लई भीती वाटतीय."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. ते म्हणाले, "एक विचारू? जन्मभर लोक ज्याला माझा स्वभाव म्हणाले, तो उद्या डॉक्टर बरणीत भरून तपासायला पाठवणार. मग घरी कोण जाईल?" मी म्हणालो, "जो येईल त्याला घेऊन जाऊ." ते हसले, पण हाताने माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर मी, अक्का, मुक्ता आणि साडूंचे थोरले भाऊ, दादा, असे बसलो होतो. दादांनी मेंढरं एका पाहुण्याच्या हवाली केली होती आणि पहाटेच्या गाडीने आले होते. खांद्यावर घोंगडी, आणि डब्यात शेळीचं दूध, "शुद्धीवर आला की पाजा" म्हणून आणलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आत जाण्याआधी आमच्याशी बोलून गेल्या होत्या. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. गाठीला हात लागला की ती सगळं एकदम सोडते, तेव्हा बीपी वर जातं, आणि तिची शीर बांधली की ते धाडकन खाली येतं. दोन्ही वेळा सांभाळायचं. आत काय चाललंय हे ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. आता भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलला की मला वाटायचं, आत्ता हात लागला असेल. पुन्हा हलला की वाटायचं, आत्ता बांधली असेल. मुक्ता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. दादा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते आणि हातातला दुधाचा डबा एकदाही खाली ठेवत नव्हते.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "झालं," त्या म्हणाल्या. "मधे एकदा बीपीने आम्हाला पळवलं. मग खाली आलं तेव्हा आणखी पळवलं. पण आता ठीक आहेत."

अक्काने हात जोडले आणि ते तसेच राहिले. दादांनी विचारलं, "केवढी व्हती वो बाई, गाठ?"

"लिंबाएवढी."

"एवढ्याशा लिंबानं माझ्या भावाला जन्मभर पळवला व्हय?"

"जन्मभर नाही हो बाबा. काही वर्षं असेल. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

दादा आमच्याकडे वळून म्हणाले, "तर मग बारकेपणी ते काय व्हतं? कोकरू मागं राह्यलं तर हा जेवत नव्हता. आम्ही म्हणायचो येईल आपलं, तर हा बसायचा रडत वाटेवर. तवा तर लिंबू नव्हतं." अक्का रडता रडता हसली, आणि तिला तसं हसताना मी कित्येक आठवड्यांनी पाहिलं.

साडू घरी आले आणि हळूहळू बरे झाले. पांढरं पडणं, घाम, डोकं धरणं, सगळं संपलं. बीपी एखाद्या शहाण्या मुलासारखं वागायला लागलं. ते पुन्हा कॉलेजात गेले, पुन्हा दुकानात येऊ लागले. फोन कमी झाले. आले तर "काय चाललंय?" असं विचारत, आणि मला पुढे काय बोलावं ते कळत नसे. माझी बायको पुण्याला जाऊन आली तेव्हा बसच्या टायरबद्दल कुणी विचारलं नाही. ती आल्यावर म्हणाली, "दाजींना बरं नाही का?" मी म्हणालो, बरं आहे म्हणूनच.

मग डॉक्टरांनी सांगितलं, की ही गाठ कधी कधी घराण्यात उतरते, म्हणून मुलीची रक्ततपासणी करून घ्या. मुक्ताने पुण्यात रक्त दिलं. रिपोर्टला वेळ होता. त्या दिवसांत साडू रोज दुकानात येऊन बसत, चहा तसाच निवून जायचा. एका संध्याकाळी मी त्यांचा हात हातात घेतला तर नाडी जोरात पळत होती. मी विचारलं, "परत सुरू झालं का हो?"

"नाय," ते म्हणाले. "मी बघितलं नीट. आधी मुक्ता आठवली, मग भीती वाटली, मग छाती धडधडली. क्रम बरोबर आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. "हे त्या गाठीचं नाय, साडूभाऊ. हे माझंच आहे."

मुक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तिने फोनवर सांगितलं तेव्हा साडू माझ्या दुकानातच होते. त्यांनी फोन अक्काला न लावता आधी दादांना लावला आणि फोनवर नुसते हुंदके देत राहिले, त्यामुळे तिकडे दादा भलतंच समजले आणि मेंढरं सोडून शहराकडे निघाले. त्यांना अर्ध्या रस्त्यात अडवून खरं काय ते सांगता सांगता आमची पुरेवाट झाली.

यंदा साडू निवृत्त झाले आणि पुण्याला मुक्ताजवळ राहायला गेले. मुक्ताचं मधल्या वर्षांत लग्न झालं, आता बाळही झालंय. अक्काचा फोन येतो. ती सांगते, हे बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास बघतात, उठलं की पाळण्याच्या कड्या बघतात, आणि मुक्ता चिडते. मी म्हणतो, बघू द्या. संध्याकाळी गल्लीतली गर्दी ओसरते, मी काउंटर पुसतो, काचा पुसतो, शटर अर्धं ओढून थोडा वेळ तसाच बसतो. सगळं ठीक असतं. मला कसलीही भीती वाटत नाही. फक्त एवढ्या मोठ्या गावात आता माझ्यासाठी घाबरणारं कुणी उरलेलं नाही, हे त्या वेळी जाणवतं, आणि मग घरी जायला उगाच उशीर होतो.